सॉफ्टवेअर बदलते; आमचा गल्ला का थांबावा?

एके काळी वहीत चूक झाली तर ती आपल्याच माणसाच्या हातून झालेली असे, आणि आपल्याच हातून ती दुरुस्तही होत असे. मुनीमजींचा आकडा चुकला, तर रात्री वही पुन्हा उघडायची, बेरीज पुन्हा करायची आणि सकाळी नेहमीच्या वेळी दुकान लावायचे. आज ती परिस्थिती राहिलेली नाही. भोकरदन तालुक्यातील आमच्या हसनाबादसारख्या गावातही कापड-दुकानदाराचे बिल, मालासोबतचे ई-वे बिल, बँकेतील देणे-घेणे आणि जीएसटीचे विवरणपत्र ही चारही कामे सॉफ्टवेअरवर चालतात. हे सॉफ्टवेअर दिल्ली, मुंबई, बेंगळूर येथे बसलेली माणसे केव्हाही बदलू शकतात. त्यांनी रात्री केलेला बदल फसला, की सकाळी सुरतेहून निघालेला आमचा माल ट्रान्सपोर्टच्या गोदामात पडून राहतो आणि गल्ल्यावर बसलेला माणूस गिऱ्हाईकाची माफी मागत राहतो.

म्हणून सॉफ्टवेअरमधील बदल कसे करावेत, हा प्रश्न आता व्यापाऱ्यांचाही झाला आहे. आमचे बहुतेक बांधव यावर एकच तक्रार करतात: "हे लोक सारखे बदल का करतात? आहे ते चालू द्या ना!" तक्रार खरी आहे, परंतु निदान चुकीचे आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. बदल वारंवार होतात म्हणून नुकसान होते, असे नाही. बदल साठवून ठेवले जातात, मग एकाच दिवशी सर्वांवर लादले जातात आणि परतीची वाट ठेवलेली नसते, म्हणून नुकसान होते. जी संस्था लहान लहान बदल वारंवार करण्याची सवय लावून घेते, तिचेच बदल सुरक्षित होत जातात. ही सवय एका दिवसात लागत नाही. संस्थेला त्यासाठी पिकावे लागते.

कारागिराची जुनी रीत

आमच्या धंद्यातील लोकांना ही गोष्ट फार समजावून सांगावी लागू नये. रंगारी सगळा तागा रंगात बुडवत नाही. आधी एक चिंधी रंगवतो, वाळवतो, धुऊन पाहतो. रंग पक्का निघाला तरच पुढे जातो. टेलर मास्टर सुती कापड कापण्यापूर्वी पाण्यातून काढतो, कारण ते किती आटेल हे त्याला आधी पाहायचे असते. शेरवानीला तो आधी कच्चा टाका घालतो, गिऱ्हाईकाच्या अंगावर चढवून पाहतो आणि मग पक्की शिलाई मारतो. शिवणीत तो माया ठेवतो, म्हणजे उद्या कपडा घट्ट झाला तर उसवून सैल करता येईल. मालेगाव-भिवंडीचा यंत्रमागवाला नवे डिझाईन आले म्हणून सगळे माग एकदम त्यावर लावत नाही. एका मागावर थोडे विणून पाहतो, दलालाला दाखवतो, आणि मगच बाकीचे माग फिरवतो.

नमुना, चाचणी, थोड्यांपासून सुरुवात आणि शिवणीत माया. सॉफ्टवेअर सुरक्षितपणे बदलण्याचे सगळे शास्त्र या चार गोष्टींवर उभे आहे. फरक एवढाच की रंगाऱ्याची चूक झाली तर एक तागा जातो. सॉफ्टवेअरवाल्याची चूक झाली तर एकाच क्षणी देशभरातील दुकानांचा माल खराब होतो. म्हणून त्यांना ही शिस्त आमच्याहून जास्त लागते, आणि गंमत अशी की त्यांच्यात ती आमच्याहून उशिरा आली.

१ फेब्रुवारी २०१८ चा धडा

व्यापाऱ्यांना चांगलेच आठवत असलेले उदाहरण ई-वे बिलाचे आहे. ५० हजार रुपयांवरील माल हलवायचा तर आधी कॉम्प्युटरवरून हे बिल काढावे लागेल, असे ठरले. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, म्हणजे सर्व जण ज्याला एनआयसी म्हणतात, त्या सरकारी संस्थेकडे यंत्रणा बनवण्याचे काम होते. १६ जानेवारी २०१८ पासून चाचणी सुरू झाली आणि १ फेब्रुवारीपासून राज्याबाहेर जाणाऱ्या मालाला ते सक्तीचे झाले. काही राज्यांनी तर राज्यांतर्गत मालालाही त्याच दिवशी ते लागू केले. म्हणजे चाचणीला जेमतेम पंधरा दिवस, तीही ऐच्छिक, आणि मग एकाच सकाळी देशभरचा व्यापार त्या एका दारातून आत जायला निघाला. दार कोसळले. बिले निघेनात, गाड्या खोळंबल्या, आणि त्याच दिवशी सरकारला सक्ती मागे घेऊन चाचणीची मुदत वाढवावी लागली.

येथपर्यंतची गोष्ट नेहमीचीच आहे. पाहण्यासारखे आहे ते त्यानंतरचे. दोन महिने यंत्रणेची ताकद वाढवण्यात गेले. रोज ७५ लाखांपर्यंत बिलांचा भार ती पेलू शकेल, असे सांगण्यात आले. १० मार्चच्या बैठकीत जीएसटी परिषदेने नवे वेळापत्रक ठरवले, आणि या वेळी सगळ्यांना एकदम बोलावले नाही. १ एप्रिलला आंतरराज्य माल, आणि राज्यांतर्गत मालासाठी एकटे कर्नाटक. १५ एप्रिलला आंध्र प्रदेश, गुजरात, केरळ, तेलंगणा आणि उत्तर प्रदेश. २० एप्रिलला बिहार, हरियाणा वगैरे आणखी काही राज्ये, २५ एप्रिलला मध्य प्रदेशासह पुढची तुकडी. आपल्या महाराष्ट्राची पाळी २५ मे रोजी आली, आणि १६ जूनपर्यंत सगळा देश आत आला.

यंत्रणा तीच, कायदा तोच, बनवणारी संस्था तीच. फेब्रुवारीत जे कोसळले ते एप्रिल ते जूनमध्ये उभे राहिले. ताकद वाढवली हे एक कारण झाले. दुसरे कारण आमच्या मते अधिक मोलाचे आहे: दर टप्प्यानंतर थांबून पाहायला वेळ मिळाला. कर्नाटकात जी अडचण दिसली ती गुजरातला जाण्याआधी सोडवता आली, आणि गुजरातेत जी दिसली ती महाराष्ट्रात येईपर्यंत. आमच्या जालना जिल्ह्यातील व्यापाऱ्याला फेब्रुवारीसारखा हिसका मे महिन्यात बसला नाही, तो यामुळेच.

पुढे हीच शिस्त ई-इन्व्हॉइसच्या वेळी अधिक पक्की दिसली. जानेवारी २०२० पासून ऐच्छिक चाचणीची सोय होती. १ ऑक्टोबर २०२० रोजी सक्ती आली ती फक्त ५०० कोटींवर उलाढाल असलेल्यांना, आणि त्यांनाही पहिल्या महिन्यात सवलत देण्यात आली. १ जानेवारी २०२१ ला मर्यादा १०० कोटींवर आली, १ एप्रिल २०२१ ला ५० कोटींवर, १ एप्रिल २०२२ ला २० कोटींवर, १ ऑक्टोबर २०२२ ला १० कोटींवर आणि १ ऑगस्ट २०२३ ला ५ कोटींवर. जवळजवळ तीन वर्षांचा हा जिना आहे. क्रमही बरोबर होता. ज्यांच्याकडे स्वतःचे कॉम्प्युटरवाले आणि सनदी लेखापाल आहेत त्यांनी आधी ठेचा खाल्ल्या, आणि लहानांपर्यंत वाट साफ होऊन आली. एखादी संस्था पिकते म्हणजे काय, हे पाहायचे असेल तर फेब्रुवारी २०१८ आणि ऑगस्ट २०२३ या दोन तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात.

सगळेच शिकले असे नाही

परंतु एका खात्याने घेतलेला धडा शेजारच्या खात्याला आपोआप मिळत नाही. आयकराचे नवे पोर्टल ७ जून २०२१ रोजी सुरू झाले. काम इन्फोसिस या नामांकित कंपनीकडे होते आणि त्यासाठी चार हजार कोटींहून अधिक रक्कम मंजूर झाली होती. नवे सुरू करण्यासाठी जुने पोर्टल १ ते ६ जून बंद ठेवण्यात आले, आणि सातव्या दिवशी संपूर्ण देश एकदम नव्या इमारतीत हलवण्यात आला. पहिल्या दिवसापासून तक्रारी सुरू झाल्या. २१ आणि २२ ऑगस्टला पोर्टल बंदच पडले. २३ ऑगस्टला अर्थमंत्र्यांनी कंपनीच्या प्रमुखांना बोलावून जाब विचारला. विवरणपत्राची आधीच ३० सप्टेंबरपर्यंत वाढवलेली मुदत पुन्हा ३१ डिसेंबरपर्यंत न्यावी लागली. पैसा कमी पडला, असे येथे कोणी म्हणू शकणार नाही.

त्याआधी २०१७ च्या उन्हाळ्यात मुंबई विद्यापीठाने एकाच हंगामात सर्व शाखांच्या उत्तरपत्रिका कॉम्प्युटरच्या पडद्यावर तपासण्याचे ठरवले. सतरा लाखांच्या आसपास उत्तरपत्रिका होत्या. निकाल सप्टेंबरपर्यंत रखडले, मुलांचे पुढचे प्रवेश अडकले, आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून जावे लागले. पडद्यावर तपासण्याची कल्पना वाईट नव्हती. चिंधी न रंगवता तागा बुडवला, हे वाईट होते.

याउलट मुंबईच्याच नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने यूपीआय कसे आणले ते पाहावे. ११ एप्रिल २०१६ रोजी २१ बँकांसह प्रायोगिक सुरुवात झाली, सर्वसामान्यांच्या फोनवर बँकांची अ‍ॅप ऑगस्टच्या अखेरीस येऊ लागली आणि भीम अ‍ॅप ३० डिसेंबरला आले. ऑगस्ट २०२३ मध्ये त्यावरील व्यवहार एका महिन्यात हजार कोटींच्या वर गेले. यूपीआय कधीच अडत नाही असे नाही, पण ते थोड्यांपासून वाढत गेले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

शिवणीत माया हवी

कापडवाल्यांना परतीच्या वाटेचे महत्त्व ३१ डिसेंबर २०२१ च्या रात्री कळले. नोव्हेंबरमध्ये अधिसूचना निघाली होती की १ जानेवारी २०२२ पासून कापडावरील कर ५ टक्क्यांऐवजी १२ टक्के होणार. सुरत, भिवंडी, इचलकरंजी सगळीकडे विरोध झाला. आणि अगदी शेवटच्या दिवशी, ३१ डिसेंबरला, जीएसटी परिषदेच्या बैठकीत कापडाची ती वाढ पुढे ढकलण्यात आली. व्यापाराच्या दृष्टीने बातमी चांगली होती. परंतु देशातील बिलाच्या सॉफ्टवेअरवाल्यांची त्या रात्री परीक्षा झाली.

ज्यांनी कराचा दर एका तक्त्यात तारखेसह ठेवला होता, त्यांना एक ओळ खोडावी लागली. ज्यांनी दर प्रोग्रॅममध्ये पक्का शिवून टाकला होता, त्यांना सगळा कपडा उसवावा लागला. आमच्या दुकानात ज्या विक्रेत्याचे सॉफ्टवेअर तेव्हा होते, त्याच्या माणसाने ३० डिसेंबरलाच नवी आवृत्ती चढवून दिली होती. १ जानेवारीला सकाळी पहिले बिल काढले, ते १२ टक्क्यांचे. फोन केला तर उत्तर मिळाले, "जुनी आवृत्ती आता परत बसत नाही. नवी येईपर्यंत थांबा." तीन दिवस आम्ही हातबिले फाडली आणि नंतर ती एकेक करून कॉम्प्युटरवर चढवली. दर बदलला यात विक्रेत्याचा दोष नव्हता. मागे येण्याचा रस्ता त्याने ठेवला नव्हता, हा दोष त्याचाच होता.

असे प्रसंग थांबणारे नाहीत. ३ सप्टेंबर २०२५ रोजी परिषदेने दरांची मोठी फेररचना ठरवली आणि २२ सप्टेंबरपासून, ऐन घटस्थापनेच्या दिवशी, ती लागू झाली. तयार कपड्यांना नगामागे १,००० रुपयांपर्यंत ५ आणि त्यावर १२ टक्के ही जुनी व्यवस्था गेली. आता २,५०० रुपयांपर्यंत ५ आणि त्यावर १८ टक्के. एकोणीस दिवसांत, ऐन सणाच्या तोंडावर, देशातील प्रत्येक बिलाचे सॉफ्टवेअर बदलावे लागले. ज्यांना लहान बदल नेहमी देण्याची सवय होती, त्यांना हे आणखी एक काम होते. ज्यांची नवी आवृत्ती वर्षातून एकदा निघते, त्यांच्यासाठी ते संकट होते.

जगाने काय शिकले

हा तजुर्बा आपल्या देशापुरता नाही. २००९ साली अमेरिकेतील एका परिषदेत फ्लिकर या छायाचित्रांच्या संकेतस्थळावरील दोघा तंत्रज्ञांनी, जॉन ऑलस्पॉ आणि पॉल हॅमंड यांनी सांगितले की आम्ही दिवसातून दहाहून अधिक वेळा बदल चढवतो. ज्या काळात कंपन्या वर्षात दोन-तीनदाच नवी आवृत्ती काढत, त्या काळात हे बोलणे अनेकांना बेफिकिरीचे वाटले. पण हिशेब सरळ आहे. सहा महिन्यांत साठलेले पाचशे बदल एका रात्री चढवले आणि सकाळी काही बिघडले, तर दोष पाचशेपैकी कशात आहे हे शोधत बसावे लागते. एकच बदल चढवला आणि बिघडला, तर दोष कुठे आहे हे त्याच क्षणी माहीत असते, आणि तो काढूनही टाकता येतो. रोजमेळ रोज जुळवणाऱ्याला पाच रुपयांचा फरक लगेच सापडतो. वर्षाअखेरीस जुळवणाऱ्याला पाच हजारांचाही सापडत नाही.

२०१० मध्ये जेझ हंबल आणि डेव्हिड फार्ली यांनी या विषयावर ग्रंथ लिहिला. २०१८ मध्ये हंबल यांनी निकोल फोर्सग्रेन आणि जीन किम यांच्यासह पुष्कळ संस्थांच्या पाहणीवरून निष्कर्ष मांडला. त्यांनी चार मापे घेतली: संस्था किती वेळा बदल देते, ठरलेला बदल वापरणाऱ्यापर्यंत पोहोचायला किती वेळ लागतो, शंभरातील किती बदल बिघडतात, आणि बिघडल्यावर गाडी रुळावर यायला किती वेळ लागतो. लोकांची समजूत अशी की घाई केली तर बिघाड वाढणार. पाहणीत उलटे निघाले. जे जास्त वेळा बदल देत होते, त्यांचेच बिघाड कमी होते आणि दुरुस्तीही लवकर होत होती.

अशा संस्थेची वाढ पायरीपायरीने होते. पहिल्या पायरीवर सगळे एका हुशार माणसाच्या डोक्यात असते. तो रात्री बसून हाताने बदल करतो आणि सकाळपर्यंत सर्वांच्या जिवात जीव नसतो. दुसऱ्या पायरीवर प्रत्येक बदलाची नोंद होते, कोणी, केव्हा, काय बदलले, आणि बदल चढवण्याची पद्धत लिहून ठेवली जाते. तिसऱ्या पायरीवर प्रत्येक बदलाची चाचणी यंत्रच घेते, दर वेळी, न कंटाळता. चौथ्या पायरीवर बदल आधी थोड्यांना मिळतो, त्यावर नजर ठेवली जाते, आणि बिघडला तर काही मिनिटांत मागे घेता येतो. पाचव्या पायरीवर संस्था स्वतःचे मोजमाप ठेवते. अपघात झाल्यावर "कोणी केले?" एवढेच विचारून ती थांबत नाही, "आपल्या कोणत्या व्यवस्थेमुळे हे होऊ शकले?" हेही विचारते.

पायरी चुकली की पैसा आणि नाव दोन्ही वाचवू शकत नाहीत. नाइट कॅपिटल ही अमेरिकेच्या शेअरबाजारातील मोठी पेढी. तिचे नवे सॉफ्टवेअर आठ सर्व्हरवर चढवायचे होते. ते सातवर चढले आणि आठव्यावर राहून गेले. दुसऱ्या कोणी तपासून पाहण्याची पद्धतच नव्हती. १ ऑगस्ट २०१२ रोजी सुमारे पाऊण तासात पेढीने ४४ कोटी डॉलर गमावले, आणि पुढे तिला स्वतंत्र राहता आले नाही. अलीकडचे उदाहरण क्राउडस्ट्राइकचे. १९ जुलै २०२४ रोजी या सुरक्षा-कंपनीने एक छोटीशी फाइल जगभरातील ग्राहकांना एकदम पाठवली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर बंद पडले. आपल्या देशात विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटावे लागले. कंपनीने फाइल दीड तासाच्या आत मागे घेतली, पण बंद पडलेली यंत्रे एकेक करून हाताने सुरू करावी लागली. बदल लहान असला तरी तो आधी थोड्यांना द्यायचा असतो, हे त्या दिवशी जगाला पुन्हा कळले.

भिंतीवरचे प्रमाणपत्र

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. संस्थेची परिपक्वता मोजण्यासाठी अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संस्थेने पाच पातळ्यांची एक पद्धत बनवली होती, आणि आपल्या देशातील अनेक सॉफ्टवेअर कंपन्यांनी तिची वरची प्रमाणपत्रे मोठ्या हौसेने मिळवली. प्रमाणपत्र वाईट नाही. पण दुकानात 'एकच भाव' अशी पाटी लावल्याने भाव एक होत नाही. परिपक्वता रोजच्या सवयीत असते, आणि गडबडीच्या दिवशी ती सवय टिकते की नाही यावर तिची पारख होते.

रिझर्व्ह बँकेने एकदा ही पारख बाहेरून केली. एचडीएफसी बँकेच्या सेवा दोन वर्षांत अनेकदा ठप्प झाल्या, तेव्हा २ डिसेंबर २०२० रोजी रिझर्व्ह बँकेने तिला नव्या डिजिटल योजना आणण्यास आणि नवी क्रेडिट कार्डे देण्यास तात्पुरती मनाई केली. कार्डांवरील बंदी ऑगस्ट २०२१ मध्ये उठली आणि बाकीची मार्च २०२२ मध्ये. आधी पाया दुरुस्त करा, मग नवा मजला चढवा, हा त्या आदेशाचा अर्थ होता. पिकलेली संस्था हे स्वतःच करते: बिघाड ठरलेल्या मर्यादेबाहेर गेले की नवे काम थांबवून दुरुस्तीला लागते. कोणी बाहेरून सांगण्याची वाट पाहत नाही.

मग जुनेच का चालू नये?

काही बांधव म्हणतील, एवढ्या भानगडीपेक्षा चालू असलेले सॉफ्टवेअर दहा वर्षे हलवूच नये. हे ऐकायला बरे वाटते. पण कर बदलतो, बँकेचे नियम बदलतात, चोर नव्या युक्त्या काढतो. जो बदल आज टाळला तो नाहीसा होत नाही. तो साठत जातो, आणि एके दिवशी सगळाच्या सगळा एकदम अंगावर येतो. दहा वर्षे न झाडलेल्या गोदामासारखे ते असते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. बदल आधी थोड्यांना द्यायचा म्हटले, तर ते थोडे कोण? बहुतेक वेळा ज्याचा आवाज पोहोचत नाही असा लहान दुकानदारच चिंधी ठरतो. हा अन्याय आहे. ई-इन्व्हॉइसमध्ये मोठ्यांपासून सुरुवात झाली, तोच न्यायाचा क्रम होय. ज्याला चाचणीत घ्यायचे त्याला आधी विचारावे, काय बदलते ते सांगावे आणि नुकसान झाल्यास जबाबदारी घ्यावी. न विचारता दुसऱ्याच्या तागावर रंगाची परीक्षा घेणारा रंगारी बाजारात टिकत नाही.

आम्ही काय मागावे, काय करावे

आमच्या व्यापारी संघटना करकपातीची निवेदने देतात, मुदतवाढ मागतात. त्यांनी यापुढे सॉफ्टवेअरच्या बदलांबाबतही ठाम मागण्या मांडाव्यात. पहिली मागणी, कोणतीही नवी सरकारी यंत्रणा टप्प्याटप्प्याने, मोठ्यांपासून लहानांकडे यावी. दुसरी, नवी नीट चालेपर्यंत जुनी बंद करू नये. दोन्ही काही काळ सोबत चालाव्यात. तिसरी, विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेला आणि रमजान ईद, दिवाळी, लग्नसराईच्या दाटीत मोठा बदल चढवू नये. चौथी, यंत्रणा बंद पडली तर मुदत आपोआप वाढावी. त्यासाठी प्रत्येक वेळी मोर्चा काढावा लागू नये. पाचवी, बिघाड झाला तर तो का झाला आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय केले, हे लोकांना समजेल अशा भाषेत जाहीर करावे. मराठीत आणि उर्दूतही.

आपल्या दुकानापुरते पाहायचे तर बिलाचे सॉफ्टवेअर घेताना केवळ भाव विचारू नये. विक्रेत्याला चार प्रश्न विचारावेत. नवा बदल किती वेळा देता? देण्याआधी कुठे तपासता? बिघडला तर जुने परत किती वेळात मिळते? कराचा दर आम्हाला स्वतः तारखेसह बदलता येतो का? यांची सरळ उत्तरे न देणाऱ्याकडून माल घेऊ नये, मग तो कितीही स्वस्त असो. नवी आवृत्ती चढवण्यापूर्वी सगळ्या हिशेबाची नक्कल वेगळ्या पेन ड्राइव्हवर काढून घ्यावी. दोन कॉम्प्युटर असतील तर आधी एकावरच नवी आवृत्ती चढवावी, दोन दिवस बिले काढून पाहावीत, मग दुसऱ्यावर. आणि हातबिलाचे एक पुस्तक गल्ल्यात नेहमी तयार असावे.

आमची बरीच मुले जालना, छत्रपती संभाजीनगर, पुणे येथे कॉम्प्युटरचे शिक्षण घेतात. सगळ्यांना नवे काही बनवायचे असते. तपासणीचे काम हलके वाटते. त्यांना आमचा मशवरा असा, की तपासणारा, बदलाची नोंद ठेवणारा, मागे घेण्याची सोय करणारा माणूस आज प्रत्येक चांगल्या कंपनीला हवा आहे. त्यांच्या वाडवडिलांनी विणताना आणि शिवताना जी सबुरी दाखवली, तीच तेथे पगार मिळवून देते. परिसरातील लहान दुकानांसाठी बिलाचे साधे सॉफ्टवेअर बनवून ते महिन्याला थोडे थोडे सुधारत नेणे, हाही एक धंदा आहे, आणि तो तालुक्याच्या गावात बसून करता येतो.

सॉफ्टवेअर बदलणारच, आणि ते बदललेच पाहिजे. बदल करणाऱ्याला एवढेच बजावून सांगायचे आहे की त्याच्या पडद्यामागे आमच्या दुकानाचा गल्ला आहे, विणकराची आठवड्याची मजुरी आहे, टेलर मास्टरचे ईदचे काम आहे. १ फेब्रुवारी २०१८ नंतर चार महिन्यांत एक सरकारी यंत्रणा शिकू शकली. बाकीच्यांनाही शिकता येईल, आणि ते शिकेपर्यंत आमच्या संघटनांनी विचारणे सोडू नये.